पेडलचा 'प्ले' आणि हाडांचा वॉर्ड

खंडेनवमीला ट्रॅक्टर धुतला जातो, बॉनेटला हार पडतो, चाकाखाली लिंबू ठेवलं जातं. मग थोड्याच दिवसांत कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि तोच ट्रॅक्टर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत रस्त्यावर येतो. त्याच सुमारास ऊसपट्ट्यातल्या सरकारी रुग्णालयांत हाडांचा वॉर्ड भरू लागतो. मोडलेली मांडी, चेंगरलेला खुबा, तुटलेल्या फासळ्या. केसपेपरवर कारण एका ओळीत असतं : 'ट्रॅक्टर उलटून' किंवा 'ट्रॅक्टर-ट्रॉलीत सापडून'. रुग्णाची साखर, रक्तदाब, व्यसन सगळं विचारलं जातं. ब्रेक शेवटचे कधी ॲडजस्ट केले होते, हे कुणी विचारत नाही. तो प्रश्न फिटरचा, असं डॉक्टरांनी मनाशी ठरवून टाकलेलं आहे. ते चूक आहे.

ट्रॅक्टरचा ब्रेक मोटारीसारखा नसतो. मागच्या दोन चाकांना दोन वेगळी पेडलं असतात, कारण शेतात बांधाजवळ वळताना एकच चाक रोखलं की ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो. रस्त्यावर मात्र दोन्ही पेडलं खिट्टीने जोडावी लागतात. शेतातल्या वळणांमुळे एका बाजूचं लायनर दुसऱ्यापेक्षा जास्त झिजतं. मग रस्त्यावर खिट्टी लावून ब्रेक दाबला तरी एक चाक आधी धरतं, दुसरं मागाहून. रिकाम्या ट्रॅक्टरला नुसता हिसका बसतो आणि चालक म्हणतो, 'जरा डावीकडं ओढतंय.' मागे ऊस भरलेल्या ट्रॉल्या असतील तर गोष्ट वेगळी. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. उतारावर त्यांचं सगळं वजन ट्रॅक्टरला मागून ढकलतं आणि पुढे एकच चाक अडलेलं असतं. ट्रॅक्टर आडवा होतो, मग उलटतो. चालक खाली असतो.

हे तपासायला हत्यार लागत नाही. कोरड्या, सपाट, मोकळ्या जागी पेडलं जोडून ट्रॅक्टर हळू चालवायचा, ब्रेक दाबायचा आणि उतरून मातीवरच्या खुणा बघायच्या. दोन्ही चाकांची घसरण सारखी हवी. नसेल तर फिटरकडे जायचं. पेडल धरण्याआधी किती सैल दबावं, म्हणजे त्याचा 'प्ले' किती असावा, हा आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो आणि तो ट्रॅक्टरसोबत मिळालेल्या पुस्तकात छापलेला असतो. ते पुस्तक बहुतेक घरांत आरसी बुकाच्या पिशवीत पडून असतं.

क्लचचं दुखणं जास्त फसवं. प्ले अजिबात नसेल तर रिलीज बेअरिंग सतत घासत राहतं, क्लच घसरतो, प्लेट जळते, नुकसान खिशाचं. प्ले जास्त झाला की पेडल तळापर्यंत दाबूनही क्लच पूर्ण सुटत नाही आणि ट्रॅक्टर कणाकणाने सरकत राहतो. आता ट्रॉली जोडतानाचं दृश्य आठवा. चालक रिव्हर्स गिअरमध्ये क्लच दाबून बसलेला, मधल्या फटीत हातात पिन घेतलेला पोरगा. तो पोरगा चालकाच्या डाव्या पायावर आणि क्लचच्या एका नटावर विसंबून उभा असतो. क्लच कितीही चांगला असो, न्यूट्रल करून हँडब्रेक ओढल्याशिवाय माणसाने त्या फटीत शिरूच नये.

दुहेरी क्लचच्या ट्रॅक्टरला आणखी एक फेरा आहे. पेडल अर्धं दाबलं की चाकं थांबतात, पूर्ण दाबलं की पीटीओचा शाफ्ट थांबतो. प्ले वाढला की हा शेवटचा टप्पा पुरा होत नाही. ट्रॅक्टर उभा दिसतो, पण शाफ्ट फिरतच असतो आणि मळणी यंत्राशी कुणीतरी पदर किंवा बाही सांभाळत वाकलेलं असतं. अशा वेळी इंजिन बंद करणं हाच उपाय. डिझेल वाचवायला ते चालू ठेवलं जातं.

चालकाच्या हाडांबद्दल निदान हळहळ तरी होते. ब्रेक ॲडजस्ट करणाऱ्या फिटरच्या फुप्फुसांचा विचार कुणाच्याच मनात येत नाही. जुन्या गाडीचा ड्रम उघडला की पहिलं काम म्हणजे कंप्रेसरची हवा मारणं. राखाडी धूळ उडते, शेजारी चहा चालू असतो. ब्रेकच्या लायनरमध्ये वर्षानुवर्षं ॲस्बेस्टॉस वापरलं गेलं. त्याचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत आणि त्यांच्यामुळे कर्करोग होतो, यावर शास्त्रात वाद उरलेला नाही. फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, मेसोथेलिओमा, हा बहुधा २० ते ४० वर्षांनी उगवतो. घर्षणाच्या उष्णतेत बरेचसे तंतू मोडतात, त्यामुळे गॅरेजमधला धोका नेमका किती यावर संशोधकांत मतभेद आहेत. पण लायनरकडे बघून त्यात ॲस्बेस्टॉस आहे की नाही हे सांगता येत नाही, आणि पाण्याने ओलं करून फडक्याने पुसणं काही महाग नाही. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा नियमांत ब्रेक आणि क्लचच्या कामासाठी स्वतंत्र परिशिष्ट आहे. कोरडी हवा मारून धूळ उडवणं त्यात बसत नाही.

आपल्याकडे १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान ४० वर्षं जपायला सांगितलं. तो आदेश ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांसाठी होता. चौकातल्या दोन माणसांच्या गॅरेजात नोंदवहीच नसते.

साखर कारखाने हंगामाआधी वाहतूकदारांशी करार करतात. उचल देताना कागद तपासतात, जामीनदार तपासतात. त्याच दिवशी आवारात ट्रॅक्टर चालवून मातीवरच्या दोन खुणा बघायला दहा मिनिटं लागतील, आणि ज्याच्या खुणा सारख्या नाहीत त्याला परत पाठवायला हरकत नसावी. रुग्णालयांनीही आपला केसपेपर बघावा. पन्नाशीचा फिटर दम लागतो म्हणून येतो, तेव्हा व्यवसायाच्या रकान्यात 'मजुरी' लिहिलं जातं. 'ब्रेकचं काम, ३० वर्षं' असं लिहायला तिथे जागा पुरेशी आहे.