सात मीटरची नाईल

कंपालातलं आमचं प्रोजेक्ट संपायला आठवडा उरला होता आणि मी ऑफिस, गेस्ट हाऊस आणि मॉल सोडून युगांडा बघितलाच नव्हता. घरी जाऊन फोटो कसले दाखवणार, प्रेझेंटेशनचे? शेवटी आम्ही चौघांनी शुक्रवारी रजा टाकली आणि तीन दिवसांची टूर बुक केली. गाडी, गाईड, जेवण, सगळं त्यांचं. मर्चिसन फॉल्स!

कंपालापासून साधारण तीनशे किलोमीटर. माझ्या डोक्यात नायगाराटाइप काहीतरी भव्य होतं. गाईडला उंची विचारली तर म्हणाला, ‘त्रेचाळीस मीटर.’ एवढीच? आमच्या ग्रुपचा चेहराच पडला. तो नुसता हसला.

दुसऱ्या दिवशी पारा इथून बोटीत बसलो. पाणघोडा म्हणजे गोडगोड, गोलमटोल प्राणी हा माझा समज त्याने दहा मिनिटांत उतरवला. काठावर मगरी तोंडं उघडून पडलेल्या. हात बोटीच्या आत ठेवा, हे दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. मग पाण्यावर फेसाचे पुंजके तरंगत यायला लागले. धबधबा अजून दूर होता, पण त्याची वर्दी आली होती.

बोटीतून उतरून पाऊण तास चढ. दम लागला, टीशर्ट भिजला आणि वर पोचल्यावर बोलतीच बंद! नाईल तिथे जेमतेम सात मीटरच्या फटीतून घुसते. सात मीटर म्हणजे आपल्या सोसायटीतला रस्ता हो! पायाखालचा खडक थरथरत होता. उंचीचा प्रश्न मी गुपचूप मागे घेतला.

१८६४ मध्ये सॅम्युअल आणि फ्लॉरेन्स बेकर इथे आले आणि त्यांनी लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या अध्यक्षांचं नाव या धबधब्याला देऊन टाकलं. १९५४ मध्ये हेमिंग्वेचं छोटं विमान इथेच कोसळलं. तो वाचला, पण पेपरांत त्याच्या मृत्यूच्या बातम्याही छापून आल्या.

रात्री लॉजचा जनरेटर बंद झाला आणि कंदिलाभोवती गप्पा रंगल्या. २०१९ मध्ये इथे वीजप्रकल्पाचा प्रस्ताव आला तेव्हा युगांडात बराच विरोध झाला, असं गाईडने सांगितलं. याच नदीवर वरच्या अंगाला करुमाचं सहाशे मेगावॉटचं धरण आहेच, २०२४ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. मी तावातावाने म्हटलं, ‘इथे धरण होताच कामा नये!’

तो शांतपणे म्हणाला, ‘मॅडम, मलाही तेच वाटतं. माझं पोट या धबधब्यावर आहे. पण माझ्या गावात अजून वीज नाही. मुलगी अशाच कंदिलात अभ्यास करते. तिला काय सांगू?’

मी गप्प. कारण आजोबांचं गाव कोयनेच्या पाण्याखाली गेलंय. लहानपणी मी विचारलं की आजोबा शिवसागराकडे नुसतं बोट दाखवायचे आणि विषय बदलायचे. त्याच कोयनेच्या विजेवर महाराष्ट्रात कारखाने चालले, शहरं उजळली. मी त्या उजेडात शिकले, आज एसी लावून झोपते आणि तीन दिवसांसाठी येऊन दुसऱ्याला निसर्ग वाचवायला सांगते! त्याला आजोबांची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, ‘त्यांना नवीन घरी वीज मिळाली का?’

मला माहीतच नव्हतं. इतक्या वर्षांत मी हे कधी विचारलं नव्हतं.

तुम्ही जरूर जा. पिवळ्या तापाची लस घ्या, सर्टिफिकेट जवळ ठेवा, मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोला. जूनपासून ऑगस्टपर्यंत किंवा डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत पाऊस कमी असतो. कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी न्या, वर तुषार फार उडतात.

मी मात्र परतल्यावर फोटो दाखवायच्या आधी बाबांना फोन लावला. म्हटलं, ‘आजोबांच्या नव्या घरी दिवा कधी लागला हो?’