चौथऱ्यावरची विमाने आणि भंगारातला इतिहास

२६ सप्टेंबर २०२५ रोजी ‘मिग-२१’ या लढाऊ विमानाने भारतीय वायुदलाचा निरोप घेतला. १९६३ मध्ये चंदीगडच्या ज्या तळावर या विमानाचे पहिले पथक उभे राहिले, त्याच तळावर बासष्ट वर्षांच्या सेवेची सांगता झाली. १४ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याच्या राज्यपाल भवनावर अग्निबाण डागणारे विमान ते हेच. कारगिलच्या शिखरांवरही ते झेपावले आणि त्याच्या अपघातांत आपले अनेक तरुण वैमानिक आपण गमावले. महाराष्ट्राशी तर त्याचे नाते जन्माचे. १९६४ पासून नाशिकजवळच्या ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सने या विमानासाठीच कारखाना उभारला आणि तेथील कामगारांच्या पिढ्यांनी ही विमाने घडवली.

निरोपाचा सोहळा भव्य झाला, ते योग्यच झाले. आता प्रश्न आहे तो पुढचा. निवृत्त विमानांपैकी काही संग्रहालयांत जातील, काही शाळा-महाविद्यालयांच्या प्रांगणात, काही शहरांतील चौकांत चौथऱ्यावर चढतील आणि उरलेली भंगारात निघतील. चौकातले विमान पाहून लहान मुलाने वडिलांना विचारले, की ‘हे कोणते विमान? ते कुठे लढले?’, तर त्याचे उत्तर कोठे लिहिलेले असेल काय? की नव्या रंगाचा एक हात आणि उद्घाटकांच्या नावाची संगमरवरी पाटी, एवढ्यावरच आपली कृतज्ञता संपणार आहे?

विमान जपणे म्हणजे केवळ त्याचा सांगाडा जपणे नव्हे, तर त्याची ओळख जपणे होय. वायुदलाच्या प्रत्येक विमानाला स्वतःचा क्रमांक असतो आणि त्या क्रमांकामागे एक चरित्र असते. ते कधी घडले, कोणत्या पथकात गेले, कोणत्या मोहिमेवर उडाले, कोणी उडवले, हे सारे त्या क्रमांकाशी बांधलेले असते. पुन्हा रंगकाम करताना हा क्रमांक पुसला जातो, क्वचित भलताच रंगवला जातो. दुरुस्तीत एका विमानाचे पंख दुसऱ्याला जोडले गेलेले असतात. अशा वेळी विमानाच्या अंतर्भागातील निर्मितीची पट्टी, पथकांच्या नोंदवह्या, वैमानिकांची उड्डाणपुस्तके आणि जुनी छायाचित्रे ताडून पाहत खरी ओळख पटवावी लागते. हे किचकट काम आपल्या देशात आजवर प्रामुख्याने केले ते पदरमोड करणाऱ्या मूठभर हौशी अभ्यासकांनी. देशभर उभी असलेली जुनी विमाने शोधून त्यांच्या क्रमांकवार याद्या त्यांनी तयार केल्या. १९६५ च्या हवाई युद्धाचा साधार वृत्तांत २००५ मध्ये ग्रंथरूपाने सिद्ध करणारे पी. व्ही. एस. जगनमोहन आणि समीर चोप्रा हे दोघेही व्यवसायाने सैनिकी इतिहासकार नव्हेत. जे काम संस्थांनी करायचे, ते व्यक्तींनी केले. हे त्यांना भूषणावह आहे. आपल्या व्यवस्थेला मात्र नाही.

या अनास्थेची किंमत आपण पूर्वी मोजली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ‘लिबरेटर’ ही अवजड बॉम्बफेकी विमाने कानपूर येथे मोडीत टाकून परकीय निघून गेले. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाच्या तंत्रज्ञांनी त्या भंगारातून सुमारे चाळीस विमाने पुन्हा उड्डाणयोग्य केली. १९४८ मध्ये त्यांतूनच आपले पहिले अवजड बॉम्बफेकी पथक उभे राहिले आणि ही विमाने १९६८ पर्यंत सेवेत होती. स्वदेशी कर्तृत्वाची ही केवढी गाथा! पण आज ब्रिटन, कॅनडा आणि अमेरिकेच्या संग्रहालयांत अभिमानाने मांडलेल्या ‘लिबरेटर’ विमानांपैकी कित्येक भारतीय वायुदलातून निवृत्त झालेली आहेत. आपण ज्याला ओझे समजलो, त्याला त्यांनी ठेवा मानला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या तळांवर पडून असलेली ‘स्पिटफायर’ आणि ‘टेम्पेस्ट’ विमानेही अशीच परदेशी संग्राहकांनी नेली. युद्धवारशाचे मोल शत्रूलाही कळते. ३ सप्टेंबर १९६५ रोजी पसरूर येथे पाकिस्तानच्या हाती लागलेले आपले ‘नॅट’ विमान त्यांनी कराचीच्या संग्रहालयात आजही जपून ठेवले आहे.

सारेच चित्र निराशेचे आहे, असे मात्र नाही. ज्या ‘वापिती’ विमानांनिशी १९३३ मध्ये वायुदलाचे पहिले पथक उभे राहिले, त्या जातीचे जगातील एकमेव शिल्लक विमान दिल्लीच्या पालम संग्रहालयात आहे. गोव्यात दाबोळीजवळ १९९८ पासून नौदलाचे हवाई संग्रहालय आहे. ‘विक्रांत’वरून उडालेल्या ‘सी हॉक’ आणि ‘अलीझे’ या जातींची विमाने तेथे पाहता येतात. ‘मारुत’ हे भारतात विकसित झालेले पहिले जेट लढाऊ विमान १७ जून १९६१ रोजी प्रथम उडाले. १९७१ मध्ये राजस्थान आघाडीवर लढलेल्या या जातीचे एक विमान मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात उभे आहे. राजीव चंद्रशेखर यांनी ब्रिटनमध्ये दुरुस्त करवून घेतलेले ‘डाकोटा’ विमान, मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना त्याच्या स्वीकाराचा मार्ग मोकळा झाल्यावर, २०१८ मध्ये ‘परशुराम’ या नावाने वायुदलात दाखल झाले. त्यावर ‘व्हीपी ९०५’ हा क्रमांक आहे. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरला सैन्य उतरवणाऱ्या विमानाचा तो क्रमांक. परंतु हे प्रत्यक्ष त्या दिवशीचे विमान नव्हे, त्या स्मृतीचे प्रतीक आहे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. काश्मीर वाचवणारी मूळ विमाने आपण जपली असती, तर प्रतीकाची गरजच पडली नसती.

महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर आत्मपरीक्षणाला भरपूर जागा आहे. १९७१ च्या युद्धातील ‘विक्रांत’ मुंबईत तरंगते संग्रहालय म्हणून २०१२ पर्यंत उभी होती. २०१४ मध्ये ती भंगारात गेली. ‘विराट’ सिंधुदुर्गात जपण्याच्या प्रस्तावाला राज्य मंत्रिमंडळाने २०१८ मध्ये मान्यता दिली, पण २०२० मध्ये तीही अलंगच्या किनाऱ्यावर तोडण्यासाठी गेली. सरकारे बदलली, पण परिणाम बदलला नाही. कारण दोष एखाद्या पक्षाचा नसून समाजाच्या इतिहासबोधाचा आहे.

याच संदर्भात एक गोष्ट स्वकीयांनाही सांगितली पाहिजे. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये मुंबईत विमान उडवल्याची कथा आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते. तिला निर्विवाद समकालीन पुरावा मिळालेला नाही, आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्ये ‘वैमानिक शास्त्र’ हा ग्रंथ तपासून तो विसाव्या शतकातील असल्याचा निष्कर्ष काढला. ज्याचा पुरावा नाही त्याचा जयघोष करायचा आणि ज्याचा पुरावा डोळ्यांसमोर गंजतो आहे त्याकडे पाठ फिरवायची, हा राष्ट्राभिमान नव्हे. सत्यावर उभा राहिलेला अभिमानच टिकतो.

शिवाय हा विषय केवळ धातूचा नाही. ७ फेब्रुवारी १९६८ रोजी १०२ जणांना घेऊन निघालेले वायुदलाचे ‘एएन-१२’ विमान रोहतांगच्या परिसरात बेपत्ता झाले. २००३ मध्ये गिर्यारोहकांना त्याचे अवशेष दिसले आणि अगदी २०२४ मध्येही चौघा जवानांचे पार्थिव हिमनदीतून हाती आले. छप्पन्न वर्षांनी त्यांच्या आप्तांना अंत्यसंस्काराचे पुण्य लाभले. अवशेषाची ओळख पटवण्याचे मोल त्या कुटुंबांना विचारावे.

म्हणूनच ‘मिग-२१’च्या निमित्ताने काही गोष्टी तातडीने व्हायला हव्यात. निवृत्त झालेल्या प्रत्येक विमानाची क्रमांकवार राष्ट्रीय नोंद व्हावी आणि ती अभ्यासकांना खुली असावी. स्मारक म्हणून दिल्या जाणाऱ्या प्रत्येक विमानापाशी त्याचा खरा क्रमांक आणि त्याचे चरित्र मराठीत लिहिलेले असावे, त्याची देखभाल कोणी करायची हे करारातच ठरावे. ओझरच्या निवृत्त कामगारांच्या आठवणी, वैमानिकांची उड्डाणपुस्तके, घराघरांतील छायाचित्रे वेळ आहे तोवर संकलित व्हावीत. हौशी अभ्यासकांकडे संशयाने न पाहता त्यांना सहकारी मानावे. नाशिकमध्ये तर या विमानाचे सांगोपांग संग्रहालय उभे राहायला हवे.

सरकार निधी देईल, वायुदल विमान देईल, पण आस्था समाजालाच द्यावी लागेल. किल्ल्यांच्या तटबंदीवरचे गवत स्वतःच्या हाताने काढणारे तरुण या महाराष्ट्रात आहेत. त्यांच्यापैकी काहींनी आता आपल्या गावच्या चौकातील विमानाकडे वळावे आणि त्याचा क्रमांक शोधून काढावा.