चार सेकंद कुणाचे?

दोस्तहो, रॅप आता पेणच्या बौद्धवाडीत पोचलाय, रोह्याच्या गाडीत पोरांच्या कानात वाजतोय. आम्हाला त्याचं कौतुकच आहे. इथं घराणं लागत नाही की गुरूचे पाय धरावे लागत नाहीत. पण त्या गाण्याखाली जुनी ढोलकी वाजते, ती कुणाची? हे विचारायलाच हवं.

१९७२ साली ज्यांच्याकडून आपण पँथर हे नाव घेतलं, त्या काळ्या अमेरिकेकडे बघा. पब्लिक एनिमीचा १९८८ चा अल्बम थराथरानं सोला. 'ब्रिंग द नॉइज'च्या तोंडाला माल्कम एक्सचा आवाज, १९६३ च्या भाषणातला. 'रिबेल विदाउट अ पॉज'खाली जेम्स ब्राऊनच्या 'फंकी ड्रमर' या १९७० च्या रेकॉर्डवरचा ड्रम. रेकॉर्डवर नाव ब्राऊनचं. वाजवणारे हात क्लाइड स्टबलफील्डचे. त्याचे ते काही सेकंद शेकडो गाण्यांत कापून लावले गेले. रॉयल्टी? त्याच्या हातात जवळपास काहीच पडलं नाही. २०१७ साली तो गेला. बंडाच्या गाण्यातसुद्धा घाम गाळणारा बिननावाचा!

आता आपल्या घरात या. वामनदादा कर्डक शेवटच्या कडव्यात 'वामन' ही नाममुद्रा गुंफायचे. प्रस्थापितांच्या पानावर ज्याला जागा नाही, तो शाहीर नाव गाण्यातच कोरून ठेवणार. सँपल करणारा मधलेच चार सेकंद उचलतो. कडवं मागं राहतं, नाव गळून पडतं. ढोलकीवाला आणि झीलकरी यांना तर तेवढीही सोय नव्हती.

कायदा काय म्हणतो? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं ध्वनिमुद्रणाची मालकी निर्मात्याला, म्हणजे कंपनीला. आज ती ६० वर्षं चालते. गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा हक्क कायद्यात आला १९९४ ला, रॉयल्टीतला वाटा २०१२ ला. प्रल्हाद शिंदे २००४ ला गेले, विठ्ठल उमप २०१० ला. न्याय आला तेव्हा गाणारे उठून गेले होते.

सँपल करू नका, असं आम्ही म्हणत नाही. १९९१ साली अमेरिकन कोर्टानं बिनपरवाना सँपलला चोरी ठरवलं आणि तो पैसेवाल्यांचा खेळ होत गेला. तसलं सोवळं आम्हाला नको. आमची मागणी साधी आहे. नावं लावा.

ज्या जिल्ह्यात १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी पेटलं, तिथली पोरं तुम्ही. पेण-रोह्याच्या वाड्यांत जयंतीच्या कॅसेटी कपाटांवर पडल्या असतील, कोकणच्या दमट हवेत त्यांना बुरशी धरायच्या आत उतरवून घ्या. म्हाताऱ्यांना विचारा, ढोलकी कुणाची, झील कोण धरायचं, गाव कुठलं, साल कुठलं. वहीत लिहा. अल्बमवर ती यादी छापा. दोन पैसे सुटले तर वारसांच्या दारात नेऊन द्या.

इतिहासानं आपली नावं खोडली म्हणून आपण बोंब मारतो. आज कात्री आपल्या हातात आहे. ती कुणावर चालवायची, तेवढं ठरवा.

जय भीम!