पहिली भेट म्हणजे अखेर नव्हे

विशेष प्रतिनिधी, मुंबई

कर्करोगाच्या रुग्णाला ‘पॅलिएटिव्ह केअर’ विभागात जाण्याचा सल्ला मिळाला, की घरात बहुधा एकच अर्थ काढला जातो : आता उपाय संपले. या समजापोटी ती भेट लांबणीवर पडत जाते आणि आटोक्यात येऊ शकणाऱ्या वेदना रुग्ण विनाकारण सोसत राहतो.

वास्तविक ही परिहार सेवा मूळ उपचारांना पर्याय नसून जोड आहे. केमोथेरपी सुरू असतानाही ती घेता येते. बोस्टनमध्ये फुप्फुसाचा कर्करोग पसरलेल्या १५१ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. निदानानंतर लगेच परिहार सेवा मिळालेल्यांचे जीवनमान अधिक चांगले राहिले आणि ते इतरांपेक्षा सरासरी पावणेतीन महिने अधिक जगले. एका अभ्यासावरून आयुष्य वाढण्याची हमी देता येत नाही. मात्र ही सेवा म्हणजे हार मानणे, हा समज त्याने खोडून काढला.

पहिल्या भेटीत नव्या तपासण्यांपेक्षा संभाषणाला अधिक वेळ दिला जातो. वेदना कुठे होते, शून्य ते दहा या मापात ती किती, झोप लागते का, भूक, मळमळ, धाप यांची स्थिती काय, अशी विचारपूस होते. घरात शुश्रूषा कोण करते, खर्चाची ओढाताण किती, मनाला कशाची भीती वाटते, हेही विचारले जाते. त्यामुळे तपासणीची कागदपत्रे, सुरू असलेली सर्व औषधे आणि प्रश्नांची यादी सोबत नेणे हिताचे. शुश्रूषा करणारी व्यक्तीही बरोबर असावी.

कसोटीचा क्षण येतो तो नातेवाईक डॉक्टरांना बाजूला घेऊन ‘त्यांना काही सांगू नका’ असे विनवतात तेव्हा. हेतू प्रेमाचाच असतो. तथापि, रुग्णाला बहुधा अंदाज आलेला असतो आणि दोन्ही बाजूंच्या मौनात तो एकटा पडतो. अशा वेळी डॉक्टर बातमी अंगावर लादत नाहीत. किती जाणून घ्यायचे आहे, हे रुग्णालाच विचारतात.

दुसरा अडसर मॉर्फिनच्या धास्तीचा. तीव्र वेदनेसाठी योग्य मात्रेत, देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फिनने व्यसन लागण्याचा धोका अल्प असतो. बद्धकोष्ठता मात्र हमखास होते. म्हणून सोबत रेचक दिले जाते. अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्यातील जाचक परवाने २०१४ च्या दुरुस्तीने सुलभ झाले, तरी हे औषध सर्वत्र सहज मिळत नाही.

देशातील पहिले हॉस्पिस, शांती आवेदना सदन, १९८६ मध्ये मुंबईतच वांद्रे येथे सुरू झाले. असे असूनही या सेवेची वाट अनेक कुटुंबांना फार उशिरा सापडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात गरजूंपैकी केवळ १४ टक्के रुग्णांपर्यंत ती पोहोचते. केंद्रे आणि औषधे वाढविणे हे शासनाचे काम आहे. पण केंद्र हाकेच्या अंतरावर असताना केवळ नावाच्या धसक्याने पाऊल अडत असेल, तर तो अडथळा घरातच दूर करावा लागेल.