अभिप्राय कीं आशीर्वाद?

कोणी नवशिक्या कलावंतानें आपली कृति पुढें ठेवून ‘कशी वाटली तें सांगा’ असें विचारलें कीं, ती पुरती न ऐकतां ‘छान!’ म्हणून मोकळें व्हावें, अशी एक सभ्यता आमच्या सुशिक्षित वर्गांत अलीकडे रूढ झाली आहे. या सभ्यतेस कोणी उदारपणा म्हणतात, कोणी प्रोत्साहन म्हणतात, कोणी तर रसिकताहि म्हणतात. माझ्या मतें तो निव्वळ आळस आहे आणि त्यावर सौजन्याची शाल पांघरलेली आहे. हा आरोप इतरांवर करण्यापूर्वीं मी स्वतःवर करतों. कारण या अपराधांत मी स्वतः पकडला गेलों आहें.

माझा एक जुना विद्यार्थी देवणी तालुक्यांतील एका खेड्यांत राहतो. दिवसा तो वडिलांबरोबर शेतांत राबतो आणि रात्रीं एका जुन्या संगणकावर संगीत रचतो. त्या संगीतांत शब्द नाहींत, गायक नाहीं, वादकहि नाहींत. त्यांतील बहुतेक स्वर यंत्रांतून निर्माण केलेले असतात आणि ताल पडद्यावर चौकोन मांडून बसविलेला असतो. कोणत्याहि कंपनीचा वा जलशाच्या चालकाचा त्यास आधार नाहीं. रचना पुरी झाली कीं तो ती इंटरनेटवर ठेवतो आणि कोणी कांहीं बोलेल म्हणून वाट पाहतो. पोळ्याच्या सुमारास त्यानें अशीच सात मिनिटांची एक रचना मला पाठविली. मीं तिचें पहिलें अर्धें मिनिट ऐकलें आणि ‘छान! असाच पुढें जा’ असें लिहून टाकलें. दुसऱ्या दिवशीं त्याचा प्रश्न आला: ‘सर, चौथ्या मिनिटाला घुंगरमाळ एकदम थांबते, तें तुम्हांला खटकलें कां? तिथें मी महिनाभर अडलों होतों.’ त्या रचनेंत घुंगरमाळ आहे हेंच मला ठाऊक नव्हतें, मग तिच्या थांबण्याविषयीं मी काय बोलणार? ज्या मुलास मीं तीन वर्षें ‘कविता नीट वाचावी’ म्हणून शिकविलें, त्याचीच कृति मीं वाचल्यावांचून परत केली होती.

आमच्या देवणीचें नांव येथील गुरांच्या जातीनें दूरवर नेलें आहे. येथील जनावरांच्या बाजारांत वाचकांनीं एकदां अवश्य जावें. वानेरा, बालंक्या, शेवरा हे रंगाचे प्रकार पोरासोरांनाहि दुरून ओळखतां येतात. परंतु तेवढ्यावर कोणी रुमालाखालीं हात घालून सौदा करीत नाहीं. गिऱ्हाईक बैलाचें तोंड उघडून दांत पाहतें, खुरें न्याहाळतें, पाठीवरून हात फिरवितें आणि त्यास चार पावलें चालवून पाहतें. ‘मागचा उजवा पाय जरा ओढतो’ असें तें म्हणालें, तर मालक वाद घालील, शपथा घेईल, पण अपमान मानणार नाहीं. ‘बैल छान आहे’ एवढेंच म्हणून जो पुढें सरकतो, त्याच्याकडे मालक लक्षहि देत नाहीं. त्याला घ्यावयाचें नाहीं हें तो ओळखतो. बैलाची जेवढी पारख आम्ही करतों, तेवढी बैल पाळणाऱ्याच्या मुलानें केलेल्या रचनेची करूं नये, हा कोठला न्याय?

आतां यावर जे आक्षेप घेतले जातात त्यांचा विचार करूं. पहिला आक्षेप सोंवळ्या संगीतप्रेमी मंडळींचा. ते म्हणतात, ‘यंत्रानें केलेलें तें संगीतच नव्हे, मग त्यावर अभिप्राय कसला द्यावयाचा?’ या मंडळींनीं पेटीचा इतिहास आठवावा. ती परदेशांतून आली. तिच्यावर मींड निघत नाहीं, तिचे स्वर आमच्या श्रुतींशीं जुळत नाहींत, अशी तक्रार झाली. ती तक्रार खोटी नव्हती. तींत वाद्याचा नेमका दोष सांगितला होता, म्हणून ती टीका या नांवास पात्र होती. परंतु १९४० मध्यें ऑल इंडिया रेडिओनें त्या तक्रारीचें रूपांतर बंदींत केलें आणि ती बंदी तीसएक वर्षें टिकली. तिकडे गोविंदराव टेंब्यांसारख्या कलावंतांनीं त्याच पेटींतून काय काढून दाखविलें, तें महाराष्ट्र जाणतो. यंत्राचे दोष अवश्य सांगावेत. पण ते सांगण्यासाठीं आधीं कान द्यावा लागतो, आणि बंदी घालणाऱ्यास तेवढीहि तसदी घ्यावी लागत नाहीं.

दुसरा आक्षेप विनयाचा. ‘आम्हांला यांतलें कांहीं कळत नाहीं, आम्ही काय बोलावें?’ हा विनय वरवर गोड दिसतो, पण ‘छान’ म्हणतांना तो कोठें जातो? ज्यास दोष काढण्याचा अधिकार नाहीं, त्यास गुण ठरविण्याचा अधिकार कोणीं दिला? खरें पाहतां अभिप्रायाच्या दोन पायऱ्या आहेत. वरच्या पायरीवर जाणकार बसतो. केशवराव भोळे असे जाणकार होते. ‘संत तुकाराम’ (१९३६) आणि ‘कुंकू’ (१९३७) या प्रभातच्या बोलपटांचें संगीत देणाऱ्या या रचनाकारानेंच ‘एकलव्य’ या नांवानें आपल्या काळच्या गायकांवर लेख लिहिले. मोठ्या नांवांची भीड न बाळगतां, गाणाऱ्याचा आवाज कसा लागतो आणि त्याची गायकी कशी घडली आहे, याचा तपशील ते मांडीत. एवढा अधिकार सर्वांना कोठून असणार? पण खालची पायरी सर्वांसाठीं मोकळी आहे. तेथें बसणाऱ्यानें एवढेंच सांगावयाचें: अमुक ठिकाणीं माझें लक्ष उडालें, अमुक ठिकाणीं मी दचकलों, अमुक भाग मला पुन्हां ऐकावासा वाटला. यास सिद्धांत लागत नाहींत. पुरतें ऐकलेलें मात्र असावें लागतें. रचणाऱ्यास आपली कृति पहिल्यांदा ऐकणें कधींच शक्य नसतें, म्हणून दुसऱ्याच्या कानाची ही हकीकत त्यास मोलाची असते.

तिसरा आक्षेप दयेचा, आणि तोच सर्वांत फसवा. ‘दोष दाखविले तर बिचारा खचेल.’ खचण्याची भीति खरी आहे. परंतु दोष ऐकून माणूस जितका खचतो, त्याहून अधिक तो शांततेनें खचतो. आणि ‘छान’ हा शब्द शांततेचाच एक प्रकार आहे. मुंबईच्या चरणजित सिंगांची कथा पाहा. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजविणाऱ्या या वादकानें १९८२ मध्यें ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ या विद्युत् वाद्यांवर दहा राग वाजवून ‘टेन रागाज टु अ डिस्को बीट’ ही ध्वनिमुद्रिका काढली. ललत, तोडी, यमन, मालकंस हे आमच्या ओळखीचे राग तींत होते. मुद्रिका चालली नाहीं आणि विसरली गेली. २००२ मध्यें एका डच संग्राहकास तिची प्रत दिल्लींत सांपडली, २०१० मध्यें ती पुन्हां प्रसिद्ध झाली, आणि पाश्चात्त्य जगांत एकच गवगवा उडाला. शिकागोंतील ‘अ‍ॅसिड हाउस’ नांवाच्या संगीताची पहिली गाजलेली मुद्रिका १९८७ ची. आणि तसाच नाद मुंबईच्या एका वादकानें पांच वर्षें आधीं काढला होता! सिंग २०१५ मध्यें वारले. अखेरच्या कांहीं वर्षांत त्यांना परदेशांतले श्रोते लाभले, ही त्यांतल्या त्यांत समाधानाची गोष्ट.

पण या गवगव्यांतहि गाजला तो ‘पहिला कोण’ हाच प्रश्न. मुद्रिका कशी आहे, हा प्रश्न मागेंच राहिला. मीं ती लक्ष देऊन ऐकली. टीबी-३०३ मध्यें एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर घसरत जाण्याची सोय आहे. तिच्यामुळें खालच्या स्वरांत मींडेचा आभास होतो आणि तो कानाला फार गोड लागतो. उलट एकदां ताल सुरू झाला कीं लय शेवटपर्यंत तीच राहते; त्यामुळें रागाच्या बढतीस जी लयीची साथ हवी ती मिळत नाहीं. राग फुलतो, पण चढत नाहीं. माझें हें मत चुकीचेंहि असेल. परंतु १९८२ मध्यें चार श्रोत्यांनीं अशीं चार मतें त्यांस कळविलीं असतीं, तर पुढची मुद्रिका कोणत्या दिशेनें न्यावी याचा विचार करावयास त्यांच्या हातीं कांहीं तरी आलें असतें. अठ्ठावीस वर्षांनीं आलेल्या स्तुतींतून तें येणें शक्य नव्हतें.

याचा अर्थ दोष काढण्याची हौस भागवून घ्यावी असा कोणी करूं नये. आपलें पांडित्य मिरविण्यासाठीं दुसऱ्याची कृति फाडणारे टीकाकारहि मीं पुष्कळ पाहिले आहेत. ‘मालकंसाचें वाटोळें केलें’ असें ते गरजतात. त्या मुलास मालकंस करावयाचाच नव्हता, हें त्यांच्या गांवींहि नसतें. कृतीनें जें साधावयाचें ठरविलें असेल, तें साधलें कीं नाहीं एवढेंच आधीं पाहावें. ठिकाण सांगावें, परिणाम सांगावा. उपाय मात्र रचणाऱ्यावर सोपवावा.

माझ्या विद्यार्थ्याची क्षमा मागून मीं त्याची रचना तीन वेळां ऐकली आणि त्यास तीन गोष्टी लिहिल्या. पहिली: दुसऱ्या मिनिटास जो खर्जाचा स्वर येतो तो कानांत नळ्या घालून ऐकतांना घुंगरांना गिळतो, आणि फोनच्या भोंग्यावर तर तो ऐकूंच येत नाहीं. दुसरी: चौथ्या मिनिटाची शांतता उत्तम आहे, पण त्यानंतर घुंगरमाळ परत येते तेव्हां तोच चार क्षणांचा तुकडा पुन्हां पुन्हां लावला आहे हें कळून चुकतें, चालत्या बैलाच्या गळ्यांत माळ दोनदां सारखी वाजत नाहीं. तिसरी: शेवट नुसता विरत जातो, रचनाकारापाशीं सांगण्यासारखें कांहीं उरलें नसावें, असें वाटतें.

त्याचें उत्तर आठ दिवसांनीं आलें. खर्ज त्यानें कमी केला होता. घुंगरांसाठीं तो पहाटे बैलांमागें बांधावरून चालत गेला होता आणि नवें ध्वनिमुद्रण करून आला होता. तिसरी गोष्ट मात्र त्यानें साफ नाकारली. ‘सर, पोळ्याची मिरवणूक संपत नसते. ती वेशीकडे लांब जाते आणि मग ऐकूं येत नाहीं. माझा शेवट तसाच राहणार.’ मीं पुन्हां ऐकलें. त्याचें बरोबर होतें. चूक माझी होती. पण ही चूक मीं केली नसती तर त्यासहि आपला शेवट तसा कां आहे, हें शब्दांत सांगण्याचा प्रसंग आला नसता.

आमचीं नियतकालिकें नाटकाचें परीक्षण करतात, कादंबरीचें करतात. पण खेड्यापाड्यांत एकेकट्यानें बसून असें शब्दावांचूनचें संगीत रचणाऱ्या मुलांसाठीं तीं क्वचितच एखादें पान ठेवतात. तें ठेवावें, अशी संपादकांस माझी विनंति आहे. आणि तोंवर, ज्याच्याकडे अशी एखादी रचना येईल त्या वाचकानें ती शेवटपर्यंत ऐकावी आणि तींतलें एक तरी ठिकाण नेमकें सांगावें. तेवढा वेळ नसेल तर ‘वेळ नाहीं’ असें सरळ लिहावें. तेंहि ‘छान’पेक्षां बरें.