डेट्रॉइटचा ठेका

गेल्या स्नेहसंमेलनात कोणीतरी ध्वनिक्षेपकावर टेक्नो लावले, तेव्हा आमच्या एका प्राध्यापकांनी कानांवर हात ठेवून विचारले, "अरे, हे संगीत आहे की पिठाची गिरणी?" सगळे हसले, मीही हसलो. पण सरांनी नकळत मर्मावरच बोट ठेवले होते. हे संगीत खरोखरच कारखान्यांच्या सावलीत जन्मले आहे.

अमेरिकेतील डेट्रॉइट हे मोटारींचे शहर. १९५० साली तेथे साडेअठरा लाख माणसे राहत होती. २०२० च्या जनगणनेत ती साडेसहा लाखांच्याही आत आली. कारखाने बाहेर गेले, १९६७ मध्ये मोठी दंगल झाली, वस्त्या ओस पडल्या. या शहराजवळच्या बेलव्हिल गावात हुआन अॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन हे तीन कृष्णवर्णीय शाळासोबती वाढले. रेडिओवर 'इलेक्ट्रिफाइंग मोजो' नावाने ओळखला जाणारा निवेदक जर्मनीच्या क्राफ्टवेर्कचे यंत्रसंगीत आणि अमेरिकन फंक एकाच बैठकीत ऐकवी. या मुलांनी दोन्ही पचवले आणि त्यातून तिसरेच काही काढले. १९८८ साली लंडनहून त्यांच्या रचनांचा संग्रह निघाला आणि टेक्नो हे नाव जगभर झाले.

त्यांची साधने तुटपुंजी होती. रोलँड कंपनीचे टीआर-८०८ हे तालयंत्र १९८० साली निघाले आणि तीनेक वर्षांतच बंद झाले, कारण ते खऱ्या ढोलासारखे वाजत नाही अशी तक्रार होती. पुढे ते जुन्या बाजारात स्वस्त झाले आणि वादकांचा ताफा ज्यांना परवडत नव्हता त्यांच्या हाती पडले. त्यावर सोळा बटणांची एक ओळ असते. हवे ते बटण दाबावे, तेथे ठोका पडतो. (तीनतालाच्या मात्राही सोळाच. पण यावरून कोणी नाते जुळवू नये.)

"तेच तेच वाजते," हा नेहमीचा आक्षेप. मग एकल तबलावादनातील लेहऱ्याचे काय? तो तासभर तसाच फिरत असतो, आणि तो स्थिर असतो म्हणूनच तबल्यातला बारीकसा फेरही कानाला कळतो. जुन्या टेक्नोतला ठोका हेच काम करतो. डेरिक मेची १९८७ ची 'स्ट्रिंग्ज ऑफ लाइफ' ऐकावी. पियानोचे तुटक तुकडे, त्यावर तंतुवाद्यांसारखे स्वर, आणि बेसची ओळ मुळीच नाही! नाचाच्या संगीतातून बेस काढून घेणे म्हणजे घराचा पायाच काढणे. तरी घर उभे आहे, आणि काय ऐटीत उभे आहे!

हल्ली मिनिटाला दीडशेहून अधिक ठोक्यांचे टेक्नो ऐकून कंटाळलेले काही तरुण श्रोते या जुन्या रचनांकडे परतत आहेत. मला याचा आनंद वाटतो, पण धास्तीही वाटते. जुन्याचा शोध पुष्कळदा जुन्या वस्तूंच्या हव्यासावर येऊन थांबतो. गरिबाला परवडले म्हणून ज्या यंत्राचे नाव झाले, ते आज हौशी संग्राहकाच्या दिवाणखान्यात शोभेला असते. दुसरे असे की, २०२४ साली जर्मनीने बर्लिनच्या टेक्नो संस्कृतीची आपल्या राष्ट्रीय वारसा-यादीत नोंद केली. नोंद योग्यच आहे. बर्लिनने हे संगीत जिवापाड सांभाळले, डेट्रॉइटच्या कलावंतांना व्यासपीठ दिले. पण त्यामुळे टेक्नो म्हणजे युरोपातील गोऱ्यांची करमणूक, असा समज आपल्याकडील चांगल्या जाणकारांतही पसरला आहे, तो मला खटकतो. ज्या मुलांच्या शहराने त्यांना काही दिले नाही, त्यांनी जगाला एक ताल दिला, एवढे तरी ऐकताना ठाऊक असावे.

आमच्या संगीत मंडळाला एक विनंती आहे. पुढील वर्षी तासभर हे संगीत सतरंजीवर बसून, दिवे लावून आणि आवाज बेताचा ठेवून ऐकवावे. गिरणीवाल्या सरांना मी स्वतः बोलावून आणीन.