धूपछाव कापडाची गोधडी आणि राहिलेला गोट



कार्यानुभवाच्या तासाला वस्तू सुरू कोण करतं आणि पूर्ण कोण करतं? शाळेच्या प्रदर्शनातली टेबलं पाहताना हा प्रश्न मला नेहमी पडतो. आज तो तुमच्यासमोर मांडते, पण पहिलं बोट माझ्याकडेच आहे.

मागच्या वर्षी आमच्या सातवीच्या 36 मुलांनी मिळून एक छोटी गोधडी शिवली. शाळेतल्या मावशींना नातू झाला होता, त्याच्यासाठी. जुन्या साड्या पोटात घालायला मिळाल्याच, वरच्या थरासाठी मात्र मी एक मीटर हातमागाचं धूपछाव सुती कापड आणलं. धूपछाव म्हणजे काय, हे पैठणी पाहिलेल्यांना सांगायला नको. उभे धागे, म्हणजे ताणा, एका रंगाचा आणि आडवे धागे, म्हणजे बाणा, दुसऱ्या रंगाचा. आमच्या कापडात ताणा निळा होता, बाणा लाल. लांबून जांभळं दिसायचं, आणि हलवलं की कधी निळ्याकडे झुकायचं, कधी लालकडे. मुलं पहिला अख्खा तास ते नुसतं हलवत बसली. मी बसू दिलं. विज्ञानाचा तास वेगळा घ्यावा लागला नाही.

कापड आधी धुऊन घेतलं, कारण सुती कापड आटतं आणि रंगही सोडू शकतं. मग 6 इंचांचे 36 चौकोन कापले, प्रत्येकाला एक. सहा ओळी, प्रत्येक ओळीत सहा. "बाई, गोधडी 36 इंचांची होणार!" फळ्यावर उत्तर बरोबर होतं. शिवून झाल्यावर टेप लावली तर 31 इंच. हे कापड सैल विणीचं असतं, कडेचे धागे पटकन सुटतात, म्हणून दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच सोडून उलटी टीप घातली होती. म्हणजे प्रत्येक जोडात एक इंच गेला. पण मग सहा इंच का नाही गेले, पाचच का? सहा चौकोनांमध्ये जोड पाचच असतात, हे एका मुलीनं बोटांच्या मधल्या फटी मोजून दाखवलं. हा हिशोब त्या वर्गातलं कुणी विसरेल असं मला वाटत नाही.

पुढची फजिती माझी. वर्गातल्या ट्यूबखाली सगळे चौकोन सारखे दिसत होते. सकाळी व्हरांड्यात तिरक्या उन्हात गोधडीचा वरचा थर धरला, तर नऊ चौकोन लालसर! शिवताना ते आडवे फिरले होते. चौकोन फिरवला तरी चौकोनच राहतो, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. कापतानाच मागच्या बाजूला खडूने ताण्याच्या दिशेचा बाण काढायला हवा होता, ते मी सांगितलंच नव्हतं. उसवायचे का, यावर वर्गात चांगलीच भांडणं झाली. शेवटी मावशींनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "राहू द्या, मला तेच आवडले."

मग थर नीट पसरून मधून कडेकडे टाचून घेतले आणि धावदोरा घालायला सुरुवात केली. ओळी वाकड्या गेल्या, बोटांना सुया टोचल्या. एका पालकांची चिठ्ठीही आली, मुलाला शिवण कशाला शिकवता म्हणून. गावातले बहुतेक शिंपी पुरुषच आहेत, एवढंच मी त्यांना कळवलं.

आणि राहिला गोट. प्रदर्शन चार दिवसांवर आलं होतं. एक आई म्हणाल्या, "मॅडम, ओळखीचे टेलर आहेत, अर्ध्या तासात लावून देतील." मी हो म्हटलं. गोट सुरेख लागला, कोपरे काटकोनात, पाहुण्यांनी कौतुक केलं. पण वर्गातला एक मुलगा दोन आठवडे उरलेल्या तुकड्यांवर कोपरा वळवायचा सराव करत होता. तो माझ्यापाशी येऊन म्हणाला, "बाई, मग मी आता कोपरा कुठे लावू?"

माझ्यापाशी उत्तर नव्हतं.

शिलाई मशीनशी माझं काही वाकडं नाही. पण शेवटची कड मोठ्या माणसांनी लावली की वस्तू मुलांची राहत नाही. कर्नाटकातल्या सिद्दी बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात, तिच्या कोपऱ्यांवर कापडाची त्रिकोणी घडी बसवतात. तिला त्या फुलं म्हणतात, आणि त्याशिवाय कवंदी पूर्ण झाली असं मानत नाहीत. आपण मात्र नेमकी तीच जागा मुलांकडून काढून घेतो. का? तर फोटो चांगला यावा म्हणून.

वेळ नसतो, पोर्शन असतो, मान्य आहे. मग वस्तू लहान करा ना! यंदा मी गटागटाने नऊ-नऊ चौकोनांचीच आसनं घेतली आहेत, आणि शेवटच्या चार तासिका फक्त गोटासाठी ठेवल्या आहेत. पालकांना एकच विनंती: घरी आणलेलं आसन टेलरकडे देऊ नका, रात्री बसून स्वतःही पूर्ण करू नका. कोपरा फुगला तर फुगू द्या.

तो मुलगा आता आठवीत आहे. मधल्या सुट्टीत सातवीच्या वर्गात येतो, आणि कोपरा कसा वळवायचा ते दाखवतो.